कॅम्परची चौथी खिट्टी

माझ्या नवऱ्याने पॉप-अप कॅम्पर घ्यायचं मनात आणलं तेव्हा आम्हाला डब्लिनला येऊन दोन वर्षं झाली होती. हे डब्लिन अमेरिकेतल्या ओहायोतलं, कोलंबस शहराला चिकटून असलेलं, एकसारख्या घरांचं आणि एकसारख्या हिरवळींचं. २००३ साल होतं, मार्च महिना. नवरा एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि मी घरी असायचे. पुण्यात मी एका सहकारी बँकेत ऑफिसर होते, माझ्या सहीशिवाय कर्जाची फाइल पुढच्या टेबलावर जात नसे. इथे माझ्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. बोलायला नव्हती, आणि त्या काळात मी पूर्ण वेळ तेवढंच केलं.

एक पगार, आठ वर्षांची मुलगी आणि ‘आलोच आहोत तर सगळा देश बघून घेऊ’ ही नवऱ्याची हाव, एवढ्यात सुट्ट्यांचं गणित बसत नव्हतं. ओळखीतली मराठी मंडळी ते कसं बसवायची हे आम्ही एकदा त्यांच्याबरोबर नायगाऱ्याला जाऊन पाहिलं होतं. तीन कुटुंबं आणि मोटेलच्या दोन खोल्या. काउंटरवर निम्म्याच माणसांची नावं सांगायची, उरलेल्यांनी मागच्या दाराने आत शिरायचं. बाथरूममधल्या प्लगवर राइस कुकर लावायचा आणि धुराचा अलार्म ओरडू नये म्हणून त्याला शॉवर कॅप घालायची. देशात असताना ज्यांनी लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी मागितली नसती, अशी माणसं सकाळी मोटेलच्या फुकट नाश्त्यातली केळी पर्समध्ये भरत होती. दोन मीही भरली. पण घरी परतल्यावर नवऱ्याला बजावलं, की असं भिकाऱ्यासारखं पुन्हा कुठे जायचं नाही.

त्याने ते मनावर घेतलं. तो मूळचा नागपूरचा, शांत, आणि एकदा डोक्यात काही शिरलं की बाहेर न येणारा. त्याच्या ऑफिसातल्या कोणा गोऱ्या सहकाऱ्याने त्याला कॅम्परबद्दल सांगितलं. मग लायब्ररीतून पुस्तकं आली, रात्रीच्या जेवणाला इंटरनेटवरून छापून आणलेले कागद आले. ही वस्तू म्हणजे चाकांवरची चपटी पेटी. गाडीमागे जोडून ओढत न्यायची. मुक्कामी पोचलं की एक दांडा फिरवायचा, मग पेटीचं झाकण म्हणजे छप्पर वर उचललं जातं. दोन बाजूंनी दोन खाटा ड्रॉवरसारख्या बाहेर ओढायच्या आणि मधली सगळी जागा कनातीने झाकायची.

“म्हणजे तंबू,” मी म्हटलं.

“तंबू नाही गं. आत गाद्या आहेत, शेगडी आहे, सिंक आहे.”

“म्हणजे शेगडी असलेला तंबू.”

“एकदा घेतला की झालं. मग कुठेही जा, मोटेलचा खर्च नाही.”

मी त्याच दिवशी त्या वस्तूचं नाव पेटारा ठेवलं आणि पुढे ती घरात असेपर्यंत दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही.

जाहिरात स्थानिक पेपरात मिळाली. एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही तासभर गाडी हाकत मक्याच्या शेतांमधल्या एका घरी गेलो. विकणारी बाई सत्तरीची होती. नवरा मागच्या हिवाळ्यात गेला, असं तिने दारातच सांगितलं, जणू ते नाही सांगितलं तर आम्ही किंमत कमी करून मागू. पेटारा कोठारात उभा होता. उघडल्यावर आतून डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या सतरंजीचा वास आला. पडद्यांवर बदकं होती. गाद्यांच्या खोळींवर बदकं होती. सिंकवरच्या टॉवेलवरही एक बदक होतं, आणि ते हसत होतं. अमेरिकेत लोकांना पैसा मिळाला की ते त्याची बदकं का करतात, हे मला अजून समजलेलं नाही.

“तुम्ही कॅम्पिंग करता ना?” बाईने विचारलं.

“ऑफन,” माझा नवरा म्हणाला. आयुष्यात तो एकदाच तंबूत झोपला होता, सातवीत, शाळेच्या शिबिरात, आणि तेव्हाही दुसऱ्या दिवशी त्याला ताप भरला होता.

बाईने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सगळं पहिल्यापासून शिकवायला घेतलं. चाकांना ठोकळे लावा. पुढचा पाय टेकवा. छपराला चार कोपऱ्यांवर चार खिट्ट्या आहेत, त्या सोडवा, मगच दांड्याला हात लावा. “ऑल फोर,” ती म्हणाली आणि चार बोटं वर केली. थोड्या वेळाने पुन्हा केली. नवरा दोन्ही वेळा मान डोलावत होता, बे एके बेचा पाढा ऐकावा लागतोय अशा चेहऱ्याने. व्यवहार झाला. निघताना ती पेटाऱ्याच्या पत्र्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि मी गाडीत बसून घड्याळ बघत होते, हेही सांगायला हवं.

पेटारा घरी आला आणि तिसऱ्या दिवशी वसाहतीच्या असोसिएशनचं पत्र आलं. ‘मनोरंजनाचं वाहन’ ड्राइव्हवेत ठेवायला परवानगी नाही, असं त्यात होतं. मनोरंजन हा शब्द वाचून मी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले. मग गावाबाहेर, जिथे लोक आपल्या बोटी आणि नको झालेल्या गाड्या भाड्याने ठेवतात अशा एका कुंपणातल्या जागेत तो उभा राहिला. रविवारी नवरा त्याला तिथून काढून एका शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये न्यायचा आणि मागे घ्यायची प्रॅक्टिस करायचा. मागे काही जोडलेलं असलं की सगळं उलटं होतं. पेटारा उजवीकडे न्यायचा तर चाक डावीकडे फिरवावं लागतं. तो तासन्‌तास त्या पार्किंगमध्ये आठाचे आकडे काढायचा. मुलगी फुटपाथवर बसून मार्क द्यायची. मी बहुतेक वेळा गेले नाही.

मराठी मंडळींना बातमी लागलीच. एका काकूंनी मला किराणा दुकानात, तूरडाळीच्या पिशव्यांपुढे थांबवून विचारलं, “अगं, सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे? नोकरीबिकरीचं?” दुसऱ्या एकाने नवऱ्याला फोनवर विचारलं, “यार, अमेरिकेत येऊन झोपडीत झोपणार का तू?” नवरा हसला. मला मात्र त्या लोकांचा, शॉवर कॅपवाल्यांचा, राग आला. आणि आणखी राग याचा आला, की पेटाऱ्याबद्दल माझं मत तंतोतंत तेच होतं.

पहिली सहल मेअखेरच्या लांब वीकएंडला निघाली. दक्षिणेकडच्या टेकड्यांमध्ये तळ्याकाठी एक स्टेट पार्क होता, तिथे नवऱ्याने जागा राखून ठेवली होती. मी पोळ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा असं तीन दिवसांचं बांधून घेतलं. दुपारी दोनच्या सुमाराला पोचलो. कॅम्पग्राउंड म्हणजे जंगल असेल अशी माझी कल्पना होती. तो एक मोहल्ला होता. बसएवढाली मोटरहोम्स, त्यांच्यावर टीव्हीच्या तबकड्या, पुढे हिरवा नकली गालिचा, झाडाला दिव्यांच्या माळा, आणि प्रत्येक दारात घराच्या नावाची लाकडी पाटी. निसर्गाच्या कुशीत यायचं आणि कुशीत आल्यावर टीव्ही लावून बसायचं. संडासला जायचं तर हातात टूथब्रश आणि टॉवेल घेऊन पाच मिनिटं चालत. माझी आजी टमरेल घेऊन जायची तेव्हा निदान तिला कोणी ‘हाय देअर’ म्हणत नसे.

आमची जागा दोन झाडांच्या मधे होती. पेटारा उलटा आत घ्यायचा होता. समोरच्या जागेवर एक निवृत्त म्हातारा घडीच्या खुर्चीत बसला होता. अशा ठिकाणी नवे लोक गाडी मागे घेताना बघणं हा म्हाताऱ्यांचा दुपारचा कार्यक्रम असतो, हे मला पुढे कळलं. नवऱ्याने मला मागे उभं केलं आणि दिशा सांगायला सांगितलं.

“डावीकडे,” मी म्हटलं.

“तुझ्या डाव्या का माझ्या डाव्या?”

“झाडाच्या.”

त्याने चाक फिरवलं. पेटारा भलतीकडे गेला. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मी दोन्ही हात हलवत होते. पाचव्या खेपेला त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो घामाने भिजला होता.

“काय हात हलवून राहिली तू? बाजूला हो. तुला नाही समजत त्यातलं.”

तो माझ्यावर कधी ओरडत नसे. त्या दिवशी ओरडला, आणि समोरच्या म्हाताऱ्याला मराठीचं अक्षर येत नसूनही सगळं कळलं. त्याने सभ्यपणे मान वळवून तळ्याकडे पाहिलं. मी बाजूला झाले. पेटारा शेवटी कसाबसा आत गेला, आणि मी त्याच्या पलीकडच्या अंगाला, झाडाला टेकून उभी राहिले. माझ्या सहीवाचून फाइल हलत नव्हती, हे वाक्य तेव्हा माझ्या डोक्यात चालू होतं. त्या वर्षांत ते रोजच चालू असायचं.

नवऱ्याने चाकांना ठोकळे लावले. पुढचा पाय टेकवला. पुढच्या दोन खिट्ट्या सोडवल्या, मागची एक सोडवली. एवढ्यात मुलीने लाकडी टेबलावरून हाक मारली, “बाबा, कम हिअर, देअर्स अ टर्टल.” तो कासव बघायला गेला, दोन मिनिटं तिथे उकिडवा बसला, आणि परत येऊन त्याने सरळ दांडा हातात घेतला.

चौथी खिट्टी माझ्या कोपरापासून हातभरावर होती. बंद होती. मला ती दिसली. नीट दिसली, ओझरती नव्हे. तिच्यावर गंजाचा एक ठिपका होता तोही दिसला. त्या बाईची चार बोटंही आठवली. मी हाताची घडी घातली.

त्याने दांडा फिरवायला सुरुवात केली. तीन कोपरे वर जाऊ लागले, चौथा जागच्या जागी. दांडा जड झाला. वस्तू जुनी आहे, जड जाणारच, असं त्याला वाटलं असावं. त्याने पाय रोवले आणि अंगाचा भार टाकून आणखी दोन फेरे दिले. आतून बंदुकीसारखा आवाज आला. छप्पर एका अंगाने धाडकन खाली बसलं, दांडा त्याच्या हातातून सुटून गर्रकन उलटा फिरला आणि त्याच्या मनगटावर बसला. मुलगी टेबलावर उभी राहिली.

समोरचा म्हातारा आला, गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि हळूच म्हणाला, “बडी, वन ऑफ युवर लॅचेस इज स्टिल ऑन.”

नवऱ्याने वळसा घालून माझ्या बाजूला येऊन ती खिट्टी पाहिली. मग मनगट चोळत पेटाऱ्याखाली वाकून पाहिलं. आतली तार तुटली होती. छप्पर ना वर जात होतं ना धड बंद होत होतं. म्हाताऱ्याने आपल्या मोटरहोममधून दोर आणला, दोघांनी मिळून छप्पर दाबून बांधलं, आणि चार वाजता आम्ही घराकडे निघालो. सबंध रस्ता हळू हळू. मागच्या गाड्या भोंगे वाजवत पुढे जात होत्या. दशम्यांचा डबा माझ्या मांडीवर तसाच होता.

“माझीच चूक,” तो म्हणाला. “त्या बाईने दोनदा सांगितलं होतं.”

“जाऊ दे,” मी म्हटलं. मोठ्या मनाने म्हटलं.

तो उन्हाळा घरीच गेला. नवऱ्याचं मनगट महिनाभर सुजलेलं होतं. डॉक्टरने हाड मोडलं नसल्याचं सांगितलं. पेटाऱ्याचा विषय तो काढत नसे. मी मात्र काढायचे. दर शनिवारी सकाळी विचारायचे, “मग, आज कुठे मुक्काम?” तो चहा पीत राहायचा.

सप्टेंबरात गणपती आले. इथले गणपती वीकएंडला येतात आणि एखाद्याच्या घराच्या बेसमेंटमध्ये बसतात. त्या वर्षी चाळीसेक माणसं होती, प्रत्येकाने एक पदार्थ आणलेला. आरती झाली, जेवणं सुरू झाली, आणि कोणीतरी विचारलं, “काय हो, तुमच्या त्या झोपडीचं काय झालं?”

मी सांगायला सुरुवात केली. मला गोष्ट सांगता येते. बायका माझ्या भोवती होत्या, मग पुरुषही प्लेटा घेऊन जवळ सरकले. मी बदकं सांगितली. तो पार्किंगमध्ये काढत असलेले आठाचे आकडे सांगितले. ‘ऑफन’ सांगितलं, त्याच्या नागपुरी हेलात, ‘काय हात हलवून राहिली’ही त्याच हेलात सांगितलं. तो घाम पुसत दांडा कसा फिरवत होता ते उभं राहून करून दाखवलं. काका लोक डोळे पुसत होते. एका काकूंना ठसका लागला. दोन वर्षांत त्या देशात माझं म्हणणं चाळीस माणसांनी एकदम ऐकलेलं पहिल्यांदाच घडत होतं, आणि मला थांबवेना. नवरा जिन्यापाशी प्लेट घेऊन उभा होता. तो हसत होता. दुसरं काय करणार?

“तीन खिट्ट्या सोडल्या आणि चौथी विसरला,” मी म्हटलं. “आय.टी.तला माणूस. चारपर्यंत मोजता येत नाही.”

हसण्याच्या मधे माझी मुलगी बोलली. ती पायरीवर बसून मोदक खात होती.

“बट आई, यू वर लुकिंग राइट ॲट इट.”

“काय?”

“द लॅच. यू वर स्टँडिंग देअर. आय थॉट यू वर गॉना टेल बाबा.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गोष्टीतला राहिलेला भाग ती भरत होती, एवढंच. मंडळी आणखी जोरात हसली. ठसका लागलेल्या काकू म्हणाल्या, “अगंबाई, मग बोलली का नाहीस तू?” आणि त्यांना उत्तर नको होतं म्हणून मी वाचले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचं हसू तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं. मग त्याने अर्धी प्लेट कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि वर जाऊन मुलीचे बूट शोधू लागला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी पोहे करत होते. तो स्वयंपाकघरात आला आणि खुर्ची ओढून बसला.

“ती म्हणाली ते खरं का?”

“हो.”

“तुला दिसलं होतं?”

“दिसलं होतं.”

“मग?”

“तू मला बाजूला हो म्हणालास.”

“म्हणून मोडू द्यायचं?”

मी गॅस बंद केला. दुसरं काही सांगता येण्यासारखं असतं तर सांगितलं असतं. “हो,” मी म्हटलं.

“चार महिने मी स्वतःला गधा समजून राहिलो,” तो म्हणाला. “आणि तू लोकांना गोष्टी सांगून राहिली.”

पोहे त्याने खाल्ले. तो रागाने ताट बाजूला सारणाऱ्यांतला नव्हता. पण नंतरचे तीन-चार आठवडे तो माझ्याशी शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलला, हवापाण्याचं आणि कचऱ्याची गाडी कधी येणार याचं. शनिवारी सकाळी तो हत्यारांचा डबा घेऊन त्या कुंपणातल्या जागेत जायचा. नवी तार मागवली होती, ती एकट्यानेच बसवत होता.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी थर्मासमध्ये चहा घेऊन तिथे गेले. माफी मागायला गेले होते असं म्हणणं फार होईल. घरात बसवेना म्हणून गेले. मुलगी बरोबर होती. तो पेटाऱ्याखाली आडवा होता, फक्त बूट दिसत होते.

“चहा आणलाय,” मी म्हटलं.

“ठेव तिथे.” मग जरा थांबून खालूनच म्हणाला, “हात रिकामे आहेत का तुझे?”

मला त्या थंडीत जमिनीवर गुडघे टेकून एक कप्पी धरून बसावं लागलं. तो तार सरकवायचा, मी ती कप्पीवर बसली की सांगायचे. चारही कोपऱ्यांच्या तारा मधल्या एका रुळावर गुंडाळल्या जातात आणि दांडा तो रूळ फिरवतो, एवढं साधं ते यंत्र होतं. ज्याची मी सहा महिने टिंगल केली ते काय आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझी बोटं ग्रीसने काळी झाली. तीन तास लागले. शेवटी त्याने दांडा फिरवला आणि छप्पर चारही कोपऱ्यांनी सरळ वर गेलं. बदकं होती तशी होती.

“आता यापुढे खिट्ट्या तू सोडायच्या,” तो म्हणाला. “चारही. मी हात नाही लावणार. मोडलं तर तुझ्या नावावर.”

“आणि गाडी मागे घेताना?”

“तेव्हा तू गाडीत बसायचं,” तो म्हणाला. “माझं मी बघतो.”

पेटाऱ्याबद्दल मला त्यानंतर प्रेम वाटू लागलं असं कोणी समजू नये. पुढची चार वर्षं आम्ही तो ओढत मिशिगनची तळी, केंटकीच्या गुहा, टेनेसीचे डोंगर फिरलो. एका तळ्याकाठी तीन दिवस सलग पाऊस लागला. कनातीला बोट लागलं की तिथून पाणी झिरपतं, आणि आठ वर्षांची मुलगी नऊ वर्षांची झाली तरी कनातीला बोट लावल्याशिवाय राहत नाही. आम्ही सहा हातांत पत्ते धरून बदामसात खेळलो, मग भांडलो, मग पुन्हा खेळलो. दुसऱ्या एका ठिकाणी रकूनने, म्हणजे तिथल्या मांजराएवढ्या चोरट्या प्राण्याने, चिवड्याचा डबा पळवला आणि झाकण उघडून व्यवस्थित फक्त शेंगदाणे खाल्ले. पेटाऱ्यात एकाने कूस बदलली की तिघंही जागे होतात. सकाळी अंग असं आखडायचं, की संडासच्या वाटेवर मी माझ्या आजीपेक्षा हळू चालायचे. मुलगी मात्र म्हणायची, “धिस इज द बेस्ट.” मुलांना काय, खोक्यातही बेस्टच वाटतं.

खिट्ट्या मी सोडवत गेले. प्रत्येक खिट्टी सोडली की मोठ्याने आकडा म्हणायचा असा नियम मुलीने केला होता. एक, दोन, तीन, चार. नवरा दांडा धरून ‘चार’ येईपर्यंत थांबायचा. एकदा कंटाळून मी चारही एका दमात म्हटले. त्याने दांडा खाली ठेवला, वळसा घातला, प्रत्येक खिट्टी हाताने तपासली, आणि मग परत गेला. त्याला तसं करायचा हक्क होता.

मधे एका उन्हाळ्यात शॉवर कॅपवाल्यांपैकी दोन कुटुंबं, आम्ही कोलंबसजवळच्याच एका पार्कमध्ये उतरलो असताना, ‘बघायला’ आली. भजी झाली, चहा झाला. काकूंनी गादी दाबून पाहिली, बदकांना हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, “हौस आहे बाई तुम्हाला.” मग त्यांनी संडास कुठे म्हणून विचारलं. मी लांबवर बोट दाखवलं. त्या अर्ध्या वाटेवरून परत आल्या आणि निघायची घाई करू लागल्या. जाताना त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारत होते, की जुलैत एक आठवडा आम्हाला मिळेल का हा. नवरा हो म्हणणार होता. मी नाही म्हटलं. कारण विचारल्यावर सांगितलं, की खिट्ट्या फार नाजूक आहेत.

२००७ मध्ये आमची कागदपत्रं झाली आणि मला काम करायची परवानगी मिळाली. मी एका बँकेच्या शाखेत काउंटरवर उभी राहू लागले. देशात जिच्या सहीने कर्ज मंजूर व्हायचं ती आता लोकांची नाणी मोजण्याच्या यंत्रात ओतत होती, आणि शाखेची मॅनेजर सव्वीस वर्षांची पोरगी होती, जी मला रोज सकाळी ‘गुड जॉब’ म्हणायची. तरी मी आनंदाने जायचे. पहिला पगार आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, की आता या वर्षी मोटेल. खरं मोटेल, माणशी एक गादी, खोलीत संडास.

त्याने लगेच पेटाऱ्याची जाहिरात दिली. मला वाटलं होतं तो थोडे आढेवेढे घेईल. पहिल्याच रविवारी एक जाडजूड माणूस ट्रक घेऊन त्या कुंपणातल्या जागेत आला. नवरा त्याला आत काय काय आहे ते दाखवायला दांडा काढू लागला, तर तो म्हणाला, नको, उघडायची गरज नाही. त्याला फक्त खालचा सांगाडा आणि चाकं हवी होती. वरचं सगळं कापून टाकून त्यावर फळ्या मारणार, गवत कापायचं मोठं मशीन ओढायला. त्याचा तो धंदा होता.

मी नवऱ्याकडे पाहिलं. मला स्वतःचाच राग आला. ज्या वस्तूला मी चार वर्षं नावं ठेवली ती कापली जाणार हे मला सहन होत नव्हतं. मला वाटलं, आता हा नाही म्हणेल, आणि आपण म्हणायचं की जाऊ दे.

“चालेल,” तो म्हणाला. “सांगाडा मजबूत आहे. गंज नाही.”

दोघांनी हात मिळवले. पाच मिनिटांत पेटारा ट्रकमागे लागला आणि ट्रक फाटकातून बाहेर पडला. मुलगी तेव्हा बारा वर्षांची, कानात इअरफोन. तिने एकदा हात हलवला आणि गाडीत जाऊन बसली.

“तुला काही वाटलं नाही?” मी परतीच्या रस्त्यावर विचारलं.

“कशाचं?”

“इतकी वर्षं जपलास. कप्प्या काय, तारा काय.”

“अगं, स्वस्तात फिरायचं होतं,” तो म्हणाला. “फिरलो.” मग जरा वेळाने, सिग्नलला थांबल्यावर, त्याने मी ठरवलेल्या मोटेलबद्दल विचारलं, की तिथे सकाळचा नाश्ता आहे ना.

“आहे,” मी म्हटलं.

“मग केळी घेता येतील दुपारसाठी.”

मी खिडकीबाहेर पाहिलं आणि काय काय घ्यायचं त्याची यादी मनात करू लागले.